कपाटातील गर्दी आणि दारातील गाठोडे

नवरात्र जवळ आले की शिवाजी पेठेतील घरे ढवळून निघतात. घटस्थापनेपूर्वी घरातील चिंधी न् चिंधी पाण्यातून काढावयाची, हा कोल्हापूरचा जुना रिवाज. पंचगंगेच्या घाटावर वाकळा आणि चादरी वाळत पडतात. ज्यांच्या घरी धुलाईचे यंत्र आले आहे तेही जड वाकळेसाठी नदीच गाठतात. या धांदलीत दरवर्षी एकदा कपड्यांच्या कपाटाकडे लक्ष जाते. दार उघडावे तो आतील कपडे अंगावर कोसळतात, आणि ‘घालायला एकही धड कपडा नाही’ ही तक्रार त्याच कपाटासमोर उभे राहून केली जाते. मग कपाट हलके करण्याचा निश्चय होतो, एक गाठोडे बांधले जाते आणि ते दारात येऊन बसते. प्रश्न सुरू होतो तो येथून. या गाठोड्याचे पुढे काय व्हावयाचे?

दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कोणाला पडला नसता. पेठेतील वाड्यांत कपड्यांसाठी कपाट असे नव्हतेच. भिंतीला खुंटी, पडवीत वलणी आणि माजघरात एक पत्र्याची ट्रंक, एवढ्यात घराचे सारे वस्त्रभांडार सामावत असे. शाळामास्तरांची दोन धोतरे आणि एक कोट गावाला तोंडपाठ असे. १९४३ साली युद्धकाळात सरकारने कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा तर कंट्रोलच्या मांजरपाटासाठी लोक रांगेत उभे राहिले. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला, त्या शहरानेही ती टंचाई भोगली. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. एकुलते एक लुगडे वाळेपर्यंत घराबाहेर न पडू शकणाऱ्या स्त्रीने साधेपणाचे व्रत घेतलेले नव्हते. कमी कपडे असणे आणि कमी कपडे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लादली जाते, दुसरी निवडावी लागते.

आज निवडण्याची वेळ आली आहे खरी, पण निवडावयाचे कसे याचा विचार झालेला नाही. मारी कोन्दो या जपानी बाईंचे घर आवरण्यावरचे पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर गाजले. घरातील सर्व कपडे एका ठिकाणी रचावेत, एकेक हातात घ्यावा, त्याने मनाला आनंद होत असेल तर ठेवावा, नसेल तर त्याचे आभार मानून निरोप द्यावा, अशी त्यांची रीत आहे. रीत सुटसुटीत आहे. कपड्याचे आभार मानण्याची कल्पना तर खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजणाऱ्या आपल्या समाजाला परकी वाटू नये. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. कपाटातील प्रत्येक वस्तू मालकाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीने आणलेली आहे, हे ते गृहीत होय. शिवाजी पेठेतील एखाद्या कारकुनाच्या कपाटाची झडती घेतली तर ते टिकणार नाही.

त्या कपाटाचा निम्मा खण आहेराने भरलेला असतो. मेहुण्याच्या लग्नातला पँटपीस, भाचीच्या बारशातला शर्टपीस, व्याह्यांनी मानपानात दिलेली टॉवेल-टोपी, वास्तुशांतीत मिळालेल्या आणि घडीही न मोडलेल्या साड्या. शिंप्याची शिलाई कापडाच्या किमतीला मागे टाकू लागल्यापासून हे तुकडे शिवून घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ते पुढच्या कार्याची वाट पाहत पडून राहतात आणि एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात. क्वचित एखादी साडी चार लग्ने फिरून मूळ दात्याच्याच दारात परत येते आणि दोन्ही बाजू ती पहिल्यांदाच पाहत असल्याचा अभिनय करतात. हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. तरीही तो दर लग्नसराईत नव्याने पार पडतो, कारण आहेर न देणारा माणूस बोलला जातो. यात अलीकडे मंडळांची भर पडली आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या नावाचा नवा टी-शर्ट, शिवजयंतीला दुसरा, आणि शिवाजी तरुण मंडळ वा पाटाकडील तालमीचा अभिमान मिरवणाऱ्या घरात फुटबॉलच्या जर्सी वेगळ्याच. त्या जर्सीला नको म्हणण्याची छाती पेठेत कोणाची आहे? या साऱ्यांतून मग जी जागा उरते ती महाद्वार रोडवरील सेल आणि हातातल्या फोनवरील दुकाने भरून काढतात.

म्हणजे कपाट भरते ते बरेचसे नात्यांनी आणि थोडेसे हौसेने. ते रिकामे करावयाचे तर हिशेब नात्यांशीही करावा लागणार. हे अवघड आहे म्हणूनच माणूस सोपा मार्ग धरतो, आलेले थोपवीत नाही, साचलेले तेवढे बाहेर काढतो.

बाहेर काढलेल्या कपड्यांना पूर्वी एक वाट होती. आजीचे लुगडे विरले की त्याचे परकर-पोलके होई, उरलेल्या मऊ भागाचे तान्ह्या मुलाला दुपटे होई. मग ते वाकळेच्या थरात जाई, वाकळ फाटली की तिचे फडके होई आणि फडक्याचा शेवट सारवणाच्या पोतेऱ्यात होई. एका लुगड्याला असे पाच-सहा जन्म होते, आणि प्रत्येक जन्मी ते घरातच उपयोगी पडे. उरलेसुरले बोहारणीच्या टोपलीत जाई. दारात बसून ती प्रत्येक कपडा उजेडात धरून पाही, विरलेला बाजूला टाकी, आणि एका पातेल्यासाठी घरच्या बाईशी अर्धा तास हुज्जत घाली. त्या हुज्जतीत एक प्रामाणिकपणा होता. जुन्या कपड्याला किंमत आहे, आणि ती किती हे तो घेणारी ठरवणार, ही गोष्ट दोघींना मान्य असे.

टेरिलीन आले आणि ही साखळी तुटली. कापड टिकाऊ, इस्त्रीची कटकट नाही, रंग जात नाही. नोकरदार मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले ते योग्यच होते. पण टेरिलीनचे दुपटे होत नाही, कारण ते ओल शोषत नाही. त्याच कारणाने त्याचे फडकेही होत नाही. वाकळेत घातले तर ऊब धरत नाही, उकाडा तेवढा करते. मातीत पुरले तर कुजत नाही. सुती कापडाला मरण होते म्हणून त्याला अनेक जन्म मिळाले. कृत्रिम धाग्याचे कापड मरत नाही, म्हणून पहिल्याच जन्मानंतर ते निरुपयोगी होते. आजच्या गाठोड्यात बहुसंख्य कपडे या जातीचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. घंटागाडीत टाकले तर त्यांची रवानगी कसबा बावड्याकडील कचऱ्याच्या ढिगात होते. तेथे टाकावयास मन धजत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा शब्द शोधला जातो. तो शब्द दान.

या दानाचे खरे रूप कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिले. पंचगंगेने चिखली, आंबेवाडी वेढली, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. महाराष्ट्रातून मदतीचा जो ओघ आला त्याला तोड नव्हती. कोल्हापुरातील तालमी आणि मंडळे रात्रंदिवस राबली. पण त्या ओघात धान्य, औषधे आणि पाण्याबरोबर जुन्या कपड्यांचे ढीगही आले. बटणे तुटलेले शर्ट, चेन बिघडलेल्या विजारी, डाग पडलेल्या साड्या. जुने कपडे पाठवू नका, अशी विनवणी करण्याची पाळी शेवटी आली. घर वाहून गेलेल्या, अंगावरच्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या माणसानेही ते कपडे का उचलले नाहीत, याचा राग काही दात्यांना आला म्हणतात. गरजवंताला निवडीचा अधिकार असतो, हेच मुळी त्यांच्या ध्यानी आलेले नव्हते. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आठ दिवसांपूर्वी दुभती जनावरे होती तो भिकारी झालेला नव्हता, पूरग्रस्त झालेला होता. त्याच्या मुलीला आतले नवे कपडे हवे होते, परकर हवे होते; तिच्यापुढे पुण्या-मुंबईच्या कपाटांची सफाई येऊन पडली. आणि त्या ढिगांची विल्हेवाट लावण्याचे काम कोणाकडे आले? जे गाव स्वतःच्या घरातील गाळ उपसत होते त्याच्याकडे.

पूर ओसरल्यावर हा विषय मागे पडला. माणुसकीची भिंत म्हणून जी कल्पना काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील अनेक शहरांनी उचलली, तिचा उगम २०१५ च्या कडाक्याच्या थंडीत इराणमधील मशहद शहरात झाला. नको असलेले येथे ठेवा, हवे असलेले येथून न्या, इतकी ती सरळ आहे. जेथे रोज कोणी निवडून, घडी करून कपडे मांडतो तेथे ती भिंत उत्तम चालते. जेथे तसे कोणी नसते तेथे पहिल्या पावसात तिचा उकिरडा होतो. भिंतीला माणुसकी नसते. ती रोज घड्या घालणाऱ्याच्या हातात असते.

हा दोष केवळ आपला नव्हे. श्रीमंत देशांनी दान केलेले कपडे जहाजे भरभरून घाना देशाच्या अक्रा शहरात उतरतात. तेथील बाजारात त्यांना पडलेले नाव ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’ असे आहे. इतके कपडे कोणी जिवंत माणूस टाकून देईल, हे त्या लोकांना पटेना! जे तेथेही खपत नाहीत ते गटारांतून समुद्राला मिळतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात अशाच कपड्यांचे डोंगर उभे राहिले आहेत. आपल्या पानिपतात जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून त्यांचे पुन्हा सूत आणि घोंगड्या बनवतात. हा उद्योग मोलाचा आहे, पण गुंता होतो तो मिश्र धाग्यांचा. एकदा वेगवेगळे धागे एकत्र विणले की ते पुन्हा वेगळे करणे सोपे राहत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो कोल्हापूर जिल्ह्यातून यावा हे स्वाभाविक आहे. सर्वांनीच कपडे कमी घेतले तर इचलकरंजीचे काय? १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि आज लक्षावधींची चूल त्या खडखडाटावर पेटते. आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु यंत्रमागाचे दुखणे गिऱ्हाईक कमी कपडे घेते हे नाही. गिऱ्हाईक कापड शक्य तितके स्वस्त मागते, आणि तो स्वस्तपणा अखेर कामगाराच्या मजुरीतून व नदीच्या पाण्यातून वसूल होतो, हे आहे. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक शिवणकाम करणारे कामगार होते. तेवढ्या दूर जावयासही नको. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की कोल्हापूर इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेकडे बोट दाखवते आणि इचलकरंजी कोल्हापूरच्या सांडपाण्याकडे. दोघांचेही बरोबर आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली, तेव्हा ती भोगली मागावर काम करणाऱ्यांच्या वस्त्यांनी. एका सुती टी-शर्टामागे कापसाच्या शेतापासून मोजले तर सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज वारंवार दिला जातो. तो टी-शर्ट दोनदा घालून गाठोड्यात जाणार असेल तर ते पाणी कोणासाठी खर्ची पडले?

काहींना या चर्चेत त्यागाचा वास येईल. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा नेसला, गाडगेबाबांनी चिंध्या जोडलेला अंगरखा आयुष्यभर वागवला. परंतु शाळेतील शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला ते जमणार नाही, आणि ते त्याच्याकडे मागूही नये. त्याच्या पोशाखाची काळजी सरकारला त्याच्याहून अधिक आहे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना टी-शर्ट आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे घालून येऊ नका, शुक्रवारी खादी वापरा, असे सांगितले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचे नियम आले, शर्ट खोचण्यापर्यंतचे. शिक्षकांना कपड्यांबाबत शिकवण्याची ही हौस शासनाने आवरती घेतली असती तर बरे झाले असते. पण त्यातून एक हिशेब सहज निघतो. आठवड्याचे सहा दिवस साध्या रंगाच्या शर्टांवर जाणार असतील, तर धुण्याचा फेरा धरून सात-आठ शर्ट, चार विजारी, सणासुदीचा एखादा जोड आणि घरचे कपडे एवढ्यात नोकरदाराचे वर्ष आरामात निघते. बाकीचे कपाट तो इतरांसाठी सांभाळत असतो.

तेव्हा आवराआवरीची सुरुवात आहेरापासून व्हावी. निमंत्रणपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ ही ओळ अनेक वर्षे छापली जात आहे. ती यजमानाने स्वतः दुसऱ्याच्या कार्यालाही पाळली तर तिला काही अर्थ येईल. मंडळांनी टी-शर्टाचा खर्च एक वर्ष दुसरीकडे वळवून पाहावा. घरातून जे जावयाचे ते धुऊन, बटण लावून, चेन दुरुस्त करून, कोणाचे माप आहे ते चिठ्ठीवर लिहून जावे. इतके करावयाची तयारी नसेल तर ते दान म्हणून देऊ नये. आजीच्या लुगड्याची वाकळ व्हावयाची असेल तर ते कपाटात राहू द्यावे. ती गर्दी नव्हे.

आणि शिवाजी पेठेला हे इतरांपेक्षा सोपे आहे. अनंत चतुर्दशी झाली की मंडळांचे मांडव रिकामे होतात आणि घटस्थापनेला पंधरवडा उरतो. घराघरांत कपाटे उघडतात ती नेमकी याच दिवसांत. मांडव उतरवण्याची घाई आठ दिवस पुढे ढकलली, आत दोन टेबले मांडली आणि पेठेतील एखाद्या वयस्कर शिंप्याला व बोहारणीला मानधन देऊन तेथे बसवले, तर कोणता कपडा पुढे जाईल आणि कोणता दात्याच्याच घरी पोतेरे म्हणून परत जाईल, हे पहिल्याच दिवशी ठरेल. त्या टेबलापुढे पहिले गाठोडे मंडळाच्या अध्यक्षांनी सोडावे.