हात वाळेपर्यंत

घरातल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेली कामं आठवड्यातून एकदा तोंडानं बोलून दाखवावीत, असं माझं ठाम मत आहे. रोज नको, सणावारापुरतं नको आणि मनातल्या मनात तर मुळीच नको. आमच्याकडे हे रविवारी रात्री जेवणं झाल्यावर होतं. ताटं समोरच असतात, कुणी उठलेलं नसतं. प्रत्येकानं घरातल्या एका माणसाचं, सरत्या आठवड्यातलं, एक काम सांगायचं. त्या माणसाकडे बघून सांगायचं. ताटावरचे हात वाळेपर्यंत सगळं उरकतं.

अट एकच आहे. गुण सांगायचा नाही, काम सांगायचं. ‘आई आमच्यासाठी खूप करते’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. ते ऐकायला गोड लागतं, पण त्यातून काहीच कळत नाही. काय करते? कधी करते? तेव्हा तू कुठे होतास? ‘आजी, बुधवारी क्लासहून यायला मला उशीर झाला, तर तू भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलीस, ती मऊ राहिली होती,’ हे चालतं.

अट का घातली, ते एका रविवारी लेक जे बोलली त्यावरून सांगते. आम्ही मिरजेत राहतो. नळाला पाणी पहाटे येतं, आणि ते भरायचं काम सासऱ्यांचं. रेल्वेत नोकरी झालेली, त्यामुळे वेळेआधी उठायची सवय अंगात मुरलेली आहे. लेकीचं ते दहावीचं वर्ष होतं. रात्री उशिरापर्यंत जागायची आणि नेमकी पहाटे गाढ झोपायची. त्या आठवड्यात एका पहाटे तिला मध्येच जाग आली, ती मोरीकडे गेली, आणि तिनं पाहिलं की आजोबांनी नळाला जुन्या धोतराची पट्टी बांधली आहे. पट्टीचं टोक बादलीच्या तळापर्यंत सोडलेलं. पाणी कापडाला धरून खाली ओघळत होतं, बादलीत पडल्याचा आवाजच येत नव्हता. ती म्हणाली, ‘आजोबा, मी झोपलेली असते म्हणून तुम्ही नळाला फडकं बांधता, ते मी पाहिलं.’ सासरे म्हणाले, ‘अगं, त्यात काय एवढं!’ आणि पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करत राहिले. त्या फडक्याची गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती, सासूबाईंनासुद्धा नाही.

‘आजोबा प्रेमळ आहेत’ असं लेक म्हणाली असती, तर ते फडकं कुणाला कधी कळलं नसतं.

आठवड्यातून एकदाच का, हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात. यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकेतल्या दोघांनी २००३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटानं आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या आणि तिसऱ्यानं आठवड्यात घडलेलं काहीही. असे दहा आठवडे. पहिल्या गटातल्या मुलांना एकूण आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं, येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त आशा होती आणि अंगाच्या तक्रारी कमी होत्या. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा एक प्रयोग केला. काही जणांनी हे आठवड्यातून एकदा लिहिलं, काहींनी तीनदा. फायदा दिसला तो एकदा लिहिणाऱ्यांत. रोजच्या रोज केलं की सवय होते आणि मन त्यातून निघून जातं. परवचा म्हणताना लहानपणी आपलं व्हायचं तसंच. आठवडा मात्र असा असतो की त्यात काहीतरी घडलेलं असतं आणि ते अजून आठवत असतं.

याचा गवगवाही फार झाला आहे, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांची बेरीज केली तेव्हा परिणाम माफकच दिसला. नैराश्यावर किंवा सततच्या चिंतेवर हा इलाज होऊ शकत नाही, त्यासाठी डॉक्टरकडेच जायला हवं. मी हे करते ते औषध म्हणून नव्हे. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांना एकमेकांचा दिवस कसा जातो ते कळावं, एवढ्यासाठी करते.

आपल्याकडे घरच्यांच्या उपकारांविषयी लिहिलेलं जे पुस्तक घराघरात पोचलं, ते ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. लोक म्हणतात, ते पुस्तक रडवतं. मला त्यात वेगळंच दिसतं. आई थोर होती एवढं सांगून श्याम थांबत नाही. आंघोळ झाल्यावर त्याच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं धोंड्यावर लुगडं पसरलं, हे तो सांगतो. कुठे, कशानं, कुठल्या हट्टापायी, सगळं नेमकं. म्हणून नव्वद वर्षांनंतरही ती बाई आपल्याला डोळ्यांसमोर दिसते. मात्र हे सगळं लिहून झालं तेव्हा गुरुजींची आई या जगात नव्हती, ती १९१७ सालीच गेली होती. आपल्या भाषेत आईवडिलांबद्दलचं बहुतेक चांगलं बोलणं असं माघारी होतं. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत, फोटोला हार घातल्यावर. सासूबाईंच्या थोरल्या भावाच्या तेराव्याला त्यांचे तिन्ही मुलगे इतकं सुंदर बोलले, की सासूबाई परतीच्या गाडीत म्हणाल्या, ‘हे दादाला ऐकू यायला हवं होतं गं.’ आमच्या रविवारची सुरुवात त्या वाक्यातून झाली.

समोरासमोर बोलायचं म्हटलं की आपण अवघडतो. घरच्या माणसांचे कसले आभार, परक्यासारखं वाटतं, असं सासरे पहिल्यांदा म्हणाले होते. त्यांचं म्हणणं मला समजतं. दुकानदाराला आपण थँक्यू म्हणतो कारण व्यवहार तिथे संपतो. घरात तो संपवायचा नसतो. म्हणून आमच्याकडे आभाराचा शब्दच नाही. ‘तुम्ही हे केलंत, ते मी पाहिलं,’ एवढंच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या सॅरा अल्गो यांनी जोडप्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला, त्याचाही निष्कर्ष या बाजूचाच आहे. ‘मला किती बरं झालं’ असं स्वतःचं सांगण्यापेक्षा ‘तू काय केलंस’ असं समोरच्याचं सांगितलं, तर ते ऐकणाऱ्याच्या मनाला जास्त भिडतं. सासऱ्यांना यातलं काही मी सांगितलं नाही. हळूहळू त्यांचं ते बोलायला लागले. आधी फक्त सासूबाईंच्या आमटीबद्दल, मग एकदा माझ्याबद्दल: ‘सूनबाई, पेन्शनच्या कागदाला तू झेरॉक्स जोडून पिन मारून ठेवलीस, मला बँकेत परत फेरी पडली नाही.’ सासूबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. यांना पिनसुद्धा दिसते, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

भांडणाचे आठवडेही येतात. लेकीला अकरावीला विज्ञान घ्यायचं नव्हतं, तिनं ते घ्यावं असं तिच्या बाबांना वाटत होतं. आठवडाभर दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. रविवारी तिची पाळी आली तेव्हा सगळे ताटात बघत बसलो. ती म्हणाली, ‘बाबा माझ्याशी बोलत नव्हते, पण शुक्रवारी सायकलचं पंक्चर काढून आणून ठेवलं होतं.’ आणि लगेच, ‘तरी मी कॉमर्सच घेणार.’ मला हे फार आवडलं. केलेल्या कामाची पोच दिली म्हणून हक्क सोडावा लागत नाही. जिथे घरात मारहाण आहे, अपमान आहे, जिथे एका माणसाचा शब्द म्हणजे बाकीच्यांना धाक आहे, तिथे सोसणाऱ्या बाईला ‘चांगलं तेवढं बघ’ असं सांगणं हा अन्याय आहे. तिथे आधी तो धाक मोडायला हवा. ही गोष्ट मी कुठल्याही ‘पण’शिवाय लिहिते आहे.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं त्या मुद्द्यावर येते. आपण आईचे गोडवे भरपूर गातो आणि भांडी तिलाच घासू देतो. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं राबताना दिसल्या, पुरुष ९७ मिनिटं. ही सरासरी काम करणाऱ्यांचीच आहे, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस. बायका एक्क्याऐंशी. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटं झाले. म्हणजे दोघांचीही मिनिटं कमी झाली, अंतर जिथल्या तिथे राहिलं. अशा घरात नुसती कृतज्ञता व्यक्त करत बसलो, तर ती कामाची मजुरी शब्दांत चुकती केल्यासारखी होईल.

आपल्या जुन्या रीतींना हे कळत होतं. आमच्या भागात बैलांचा सण म्हणजे बेंदूर. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी श्रावण अमावस्येला पोळा असतो, इकडे आषाढात बेंदूर, आणि काही गावांत त्याआधी ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर. बैलांना धुतात, जू वाहून घट्टे पडलेले खांदे तेल-हळद लावून मळतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पूजा आणि सुट्टी एकत्र येतात. खंडेनवमीलाही हत्यारं-अवजारं पुजली की ती त्या दिवशी कामाला घेत नाहीत. माझ्या माहेरी बेंदराच्या दिवशी बैल गोठ्यात निवांत रवंथ करत असायचे, आणि आई व काकू चुलीपुढे दुपार टळेपर्यंत पोळ्या लाटत असायच्या. श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीला आई आम्हाला ओवाळायची, परगावी असलेल्या भावासाठी चारी दिशांना अक्षता टाकायची. आईला ओवाळायचा वार मात्र पंचांगात कुणी घातला नाही.

आमच्या रविवारचा खरा उपयोग इथे झाला. नेमकं काम सांगायचं असल्यामुळे नावं उघडी पडतात. मध्यंतरी लागोपाठ कितीतरी रविवारी सासूबाईंचंच नाव येत होतं, आणि तेही एकाच कामापायी: दळण. ज्वारी निवडायची, खडे काढायचे, डबा भरून गिरणीत पोचवायचा, परत आणायचा, गरम पीठ परातीत पसरून निववायचं. सत्तरी ओलांडलेली बाई हे करत होती, आणि आम्ही दर आठवड्याला ताटावर बसून तिला ते छान शब्दांत सांगत होतो. माझा मुलगा सातवीत होता. तोच म्हणाला, ‘दर वेळी हेच सांगायचंय, तर डबा मीच नेतो ना.’ तेव्हापासून दळण त्याच्याकडे आहे. गिरणीवाले काका आता त्याला नावानं ओळखतात, आणि ज्वारी चांगली वाळलेली नसेल तर पीठ कसं चिकट येतं हे तो मला सांगतो. निवडायचं काम सासूबाईंनी सोडलेलं नाही. ते त्यांना आवडतं, दारात शेजारणीशी बोलत बसता येतं. कुठलं काम ओझं आहे आणि कुठलं आवडीचं, हेही विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी आता कुणालाही सांगते, की एकाच माणसाचं नाव सारखं यायला लागलं, तर पुढच्या रविवारी ते काम वाटून घ्या. आमच्याकडे गोळ्यांची वारांप्रमाणे खणांची डबी भरायचं काम लेकीकडे गेलं. गॅस कधी संपेल, तेल किती उरलंय, कुणाच्या लग्नाला किती आहेर द्यायचा हे सगळं डोक्यात बाळगायचं काम माझ्याकडे होतं. त्यातलं निम्मं आता लेकीच्या बाबांकडे आहे. त्यांनी फ्रिजवर यादी चिकटवली आहे, आणि माझं डोकं त्या बाबतीत खरोखर मोकळं झालं आहे.

धुण्याभांड्याच्या मावशींचं नाव पहिल्यांदा सासूबाईंनी घेतलं. त्या घरच्या नाहीत, असं त्या वेळी कुणीही म्हणालं नाही. त्यांचं काम सांगायचं तर ते त्यांच्यासमोर सांगायला हवं, म्हणून सोमवारी सकाळी त्या आल्यावर सांगितलं. आणि आमचाच नियम त्यांनाही लागू करायचा, तर नुसतं सांगून भागणार नव्हतं. तेव्हापासून मावशींना रविवारी सुट्टी असते, पगार न कापता. त्या दिवशी भांडी पाळीपाळीनं आम्ही घासतो, म्हणून रविवारी रात्री एका कुकरात होईल अशी मुगाची खिचडी असते, बरोबर पापड आणि लोणचं.