गल्ली पाडण्याआधी तिचे म्हणणे नोंदवा

जुनी वस्ती पाडायची, टॉवर उभे करायचे आणि मग एखाद्या कोपऱ्यातल्या भिंतीवर त्या वस्तीचे चित्र काढून घ्यायचे, असा रिवाज आपल्या शहरांत पडू लागला आहे. अशा चित्राने कुणाचे नुकसान होत नाही, पण उपयोगही फारसा होत नाही. कारण जे बोलायचे होते ते बोलायची वेळ तोवर निघून गेलेली असते. गल्लीच्या स्मरणाची कला गल्ली उभी असतानाच, तिथे राहणाऱ्यांच्या हातून व्हायला हवी आणि पुनर्विकासाचा आराखडा ठरवताना ती पुरावा म्हणून समोर ठेवायला हवी.

मुंबईतल्या धारावीचे उदाहरण घ्या. ‘स्नेहा’ या संस्थेने फेब्रुवारी-मार्च २०१५ मध्ये तिथे ‘अ‍ॅली गल्ली बिएनाले’ हे कलाप्रदर्शन भरवले. विषय आरोग्याचा होता आणि कलाकृती कलावंतांबरोबर रहिवाशांनी घडवलेल्या होत्या. कुंभारवाड्यातल्या कारागिरांची माती त्यात आली, शिवणकाम करणाऱ्या हातांचे कापड आले. बायकांनी तर वस्तीतली हिंसा कापडी नकाशावर टाके घालून मांडली. कोणती बोळ कुणाला धोक्याची वाटते, ही माहिती पुनर्विकासासाठी पात्रता ठरवणाऱ्या सर्वेक्षणात कधी येत नाही. सर्वेक्षण विचारते ते कागद : १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे का, घर तळमजल्यावर की माळ्यावर? निकषात बसणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर आणि माळ्यावर राहणाऱ्याची सोय धारावीबाहेर, असा हिशेब त्यातून निघतो. पण एका भट्टीभोवती किती घरांची कमाई फिरते, ओले मडके वाळत घालायला कुणाचे अंगण लागते, हे या हिशेबात बसत नाही. खोली मोजली जाते, गल्ली मोजायची राहून जाते.

यावर पहिला आक्षेप असा की, लोकांना चित्रे नकोत, संडास आणि पक्के घर हवे. आक्षेप रास्त आहे. सामायिक संडासापुढे रांग लावणाऱ्याला जुन्या बोळीचे कौतुक सांगणे हा उद्दामपणाच ठरेल. पण घर हवे असलेल्या माणसाला आपला धंदाही हवा असतो आणि तो नव्या इमारतीत कसा चालेल हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप गरिबीचे प्रदर्शन मांडण्याचा. तो टाळण्याची कसोटी सोपी आहे : कलाकृती कुणी केली, ती कुणाच्या ताब्यात राहते आणि तिच्यात गैरसोयीचे सत्य बोलता येते का? स्वतःच्या वस्तीतली हिंसा टाक्यांत मांडणाऱ्या बायकांवर वस्ती गोड करून दाखवल्याचा आरोप कुणी करू शकणार नाही. तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. हे काम घरोघरच्या सर्वेक्षणाबरोबरच करता येते, आणि हजारो कोटींच्या प्रकल्पात त्याचा खर्च नगण्य असतो.

उशीर झाला की काय होते, हे केपटाऊनने पाहिले आहे. तिथली ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसे तिथून हलवली गेली. १९९४ मध्ये तिचे संग्रहालय उघडले, तेव्हा जमिनीवर अंथरलेल्या नकाशावर जुन्या रहिवाशांनी आपापल्या घरांच्या जागी नावे लिहिली. काम मोठे खरे, पण घरे कधीच पाडली गेली होती. तेथील सक्तीची आणि आपल्या पुनर्विकासाची तुलना होत नाही. मात्र आठवण आधी नोंदवावी की नंतर, एवढा धडा तिथून घेता येतो.

हिंगोलीकरांना हा प्रश्न मुंबईपुरता वाटू नये. निजामाच्या काळात इथे लष्करी छावणी होती. तिची साक्ष आज पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार या वस्त्यांची नावे देतात. तिथल्या कारागिरांचे आणि बायकांचे जगणे मात्र नावांवरून कळत नाही. उद्या रस्ता रुंदीकरण किंवा बाजाराची नवी बांधणी निघाली, तर नगर परिषदेने मोजणीच्या आधी एवढे करावे : शाळा, कारागीर आणि महिला बचत गटांकडून त्या गल्लीचा नकाशा आणि चित्रे करवून घ्यावीत, ती हरकती-सूचनांच्या सुनावणीत मांडावीत आणि आराखड्याच्या फायलीला जोडावीत. त्यातली कोणती गोष्ट आराखड्यात घेतली आणि कोणती का नाकारली, याचे लेखी उत्तर नगर परिषदेने द्यावे.