गाळ्यातल्या सिलिंडरकडे कोण पाहणार?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला. त्याच्या आदल्या वर्षी २३ सप्टेंबरला शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट झाला होता. दोन्हीकडे कामगारांचे जीव गेले. त्यानंतर चर्चा झाली ती मोठ्या कारखान्यांची. ती हवीच, पण उल्हासनगरचे गाळे, अंबरनाथच्या फॅब्रिकेशन शेड आणि बदलापूरची नवी बांधकामे इथल्या वेल्डिंगच्या सिलिंडरकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वातावरणाच्या सुमारे १५० पट दाब असतो. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला, तर सिलिंडर अग्निबाणासारखा सुटतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण व्हॉल्व्हला लागलेले तेल किंवा ग्रीस त्यात पेट घेऊ शकते.

मरून रंगाच्या सिलिंडरमधील ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. हा वायू हवेशिवायही विघटित होऊ शकतो. म्हणून आग न दिसताही सिलिंडर गरम लागला, तर त्याला हलवू नये. सर्वांनी दूर जाऊन १०१ वर फोन करावा.

गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे ज्वलनशील वायूंचे सिलिंडर इतरांपासून पुरेशा अंतरावर किंवा भिंतीआड ठेवावे लागतात. मात्र ठरावीक संख्येपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही. खरी गोम इथेच आहे. परवाना नाही म्हणून तपासणीही नाही, आणि तपासणी नाही म्हणजे नियमच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, सावलीत, हवेशीर जागी हवा; रिकाम्यालाही टोपी हवी. नळीला फ्लॅशबॅक अरेस्टर हवा. हा खर्च भाजलेल्या माणसाच्या उपचारांपुढे काहीच नाही.

अपघात झालाच, तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. स्फोटाजवळ असलेला माणूस वरून धडधाकट दिसला तरी त्याला रुग्णालयात आणा. दाबाच्या लाटेने कानाचा पडदा आणि फुप्फुसे फाटतात, आणि फुप्फुसांची इजा काही तासांनीही उघड होते.

नगरपालिका-महापालिकांनी अग्निशमन तपासणीत हे गाळेही घ्यावेत. पुढच्या स्फोटाची वाट पाहण्यात शहाणपण नाही.