जॅक : यमकांतला आणि अवजारांतला

इंग्रजी बडबडगीतांचे अर्थनिर्णयन म्हणजे राजेरजवाड्यांचा शोध, ही समजूत पदव्युत्तर वर्गांतूनही ठाण मांडून बसली आहे. टेकडीवर पाणी आणायला जाऊन डोके फोडून घेणारा जॅक हा म्हणे फ्रान्सचा सोळावा लुई, आणि त्याच्यामागे गडगडत येणारी जिल ही मारी आंत्वानेत! लुईचा शिरच्छेद झाला १७९३ मध्ये. गीत त्यापूर्वीच छापले गेले होते. कालक्रमाचा इतका उघड पुरावाही या रूपकप्रेमाला आवर घालू शकत नाही, कारण प्रश्न माहितीचा नाही, अभिरुचीचा आहे. पाणी भरणारे पोर हे पाणी भरणारे पोरच असावे, हे या समीक्षेला सोसवत नाही.

वस्तुतः ‘जॅक’ हे ‘जॉन’चे घरगुती रूप; इतके सर्रास, की कोणाही सामान्य पुरुषाला, विशेषतः चाकराला, ते खुशाल चिकटवले जाई. १३८१ च्या शेतकरी उठावाचा एक पुढारी इतिहासाला ‘जॅक स्ट्रॉ’ म्हणूनच ठाऊक आहे. पण या नावाचे खरे दप्तर अवजारांत सापडते. मांस भाजण्याची सळई स्वयंपाकघरातले पोर फिरवीत बसे. ते काम यंत्राकडे गेले आणि यंत्र ‘जॅक’ झाले. धन्याचे बूट ओढून काढणारी खाचेची फळी ‘बूटजॅक’ झाली. मोटार उचलणारा जॅक याच कुळातला. माणूस कामावरून गेला, नाव कामावर राहिले. (फणसाच्या इंग्रजी नावातला ‘जॅक’ तेवढा उपरा : तो मल्याळम ‘चक्का’वरून पोर्तुगीजांमार्फत आला. ध्वनिसाम्यावर इमले बांधणाऱ्यांनी त्याच्यापासून जपून राहावे.)

डिकन्सला यातली वर्गीय धार नेमकी कळली होती. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) पत्ते खेळताना पिप ‘नेव्ह’ला ‘जॅक’ म्हणतो आणि एस्टेला त्याची हेटाळणी करते. एका शब्दात मुलाची पायरी ठरून जाते. ‘नेव्ह’ तरी काय, आधी पोर, मग चाकर, मग लबाड. हा अर्थापकर्ष चाकरांच्या तोंडी खचितच झालेला नाही.

मराठी खेळ्यांनी त्या पानाला सरळ ‘गुलाम’ म्हटले. रूपकाची गरज त्यांना भासली नाही. आणि मोटारीखालचा जॅक मराठी बोलीत शिरला, तेव्हा ‘जॅक लावणे’ म्हणजे वशिला लावणे झाले : ओझे उचलणाऱ्या चाकराचे नाव आता वरच्यांच्या मर्जीला.