सही कुणाची, मर्जी कुणाची?



‘हक्कसोड’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेला असतो. कित्येकींनी तर त्या कागदावर सहीही केलेली असते. का केली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “कुणी जबरदस्ती नाही केली हो, माझ्या मर्जीनंच केली.” आज या मर्जीचाच थोडा विचार करू या.

परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं ताडकळस घ्या. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. समजा, इथल्या एका घरातले वडील वारले. तेरावं झालं आणि वारसांची नोंद करायची वेळ आली. माय, दोन भाऊ, दोन बहिणी. बहिणी नांदेडला, वसमतला दिलेल्या. कागद तयार आहे. भाऊ काहीच बोलत नाही. बोलते ती आत्या. “बाई, माहेरचा उंबरा पाहिजे का दोन एकर?” झालं! पंचमीला मुराळी येणं, भाऊबीज, बाळंतपण, लेकराच्या लग्नात मामाचा आहेर, सगळं त्या एका वाक्यात आलं. बहीण सही करते.

आता सांगा, ही मर्जी खरी की खोटी? मला विचाराल तर खरीच. पण ती तिच्या एकटीची नाही. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक सोपी, जिचं चारचौघांत कौतुक होतं. दुसरी काट्यांची, जिच्यावर भावानं अबोला धरला तर धीर द्यायला कुणी नाही. या वाटा तिनं आखलेल्या नव्हत्या. लग्न, माहेर, भावकी, कचेरी यांनी त्या कधीच आखून ठेवल्या होत्या. समाजशास्त्रात यांनाच संस्था म्हणतात. संस्था म्हणजे काही पाटी लावलेलं कार्यालयच नव्हे; न सांगता पाळली जाणारी रीत हीसुद्धा संस्थाच. आपण चालतो आपल्या पायांनी, पण रस्ता बहुतेक वेळा तिनं केलेला असतो.

कायदा काय म्हणतो ते पाहा. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत मात्र जन्मानं हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्रानं 1994मध्ये तो मुलीलाही दिला, पण एक मेख मारून: 22 जून 1994पूर्वी जिचं लग्न झालं, तिला नाही! म्हणजे ‘दिली लेक परक्याची’ ही रीत कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसली. 9 सप्टेंबर 2005पासून देशभर ती अट गेली. मुलगी लग्नाची असो की बिनलग्नाची, जन्मानं मुलाच्या बरोबरीची वाटेकरी. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020ला स्पष्ट केलं. (20 डिसेंबर 2004पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. मुस्लिम घरांत वाटणीचा कायदा निराळा आहे. मुलीला वाटा तिथंही आहे.)

कायदा एवढा बदलला, तरी आत्याचं वाक्य तेच. का? तर कायदा कचेरीत राहतो आणि आत्या घरात.

“तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा,” हे आणखी एक वाक्य. हुंडा घेणं-देणं 1961च्या कायद्यानं गुन्हा आहे, ही गोष्ट बाजूला ठेवा. पण तो पैसा गेला कुठं? सासरी. तिथल्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का? बहुधा नाही. मग तिचा वाटा तिला मिळाला, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

भावाला मात्र सरसकट खलनायक ठरवू नका. तोही त्याच चौकटीत अडकलेला असतो. जमीन तुटपुंजी. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, दुष्काळाची मदत, सगळं सातबारा पाहून. सामायिक सातबारा असला की कर्जासाठी साऱ्या खातेदारांची संमती मागतात. नांदेडच्या ताईला दर खेपेला कसं बोलवायचं? म्हणून नाव कमी करणंच त्याला सोयीचं वाटतं. कचेरीची रीतही त्याला त्याच दिशेनं ढकलते.

पण याची किंमत कोण देतं? माहेरी हक्क सोडलेला आणि सासरी नाव लागलेलं नाही, अशा बाईचा नवरा अकाली गेला, तर काय होतं ते मराठवाड्याला निराळं सांगायला नको. आयुष्यभर ज्या शेतात निंदलं, खुरपलं, कापूस वेचला, त्या शेतात उभं राहून ‘हे माझं’ म्हणायला तिच्या हाती कागद नसतो. कायद्यानं ती वारस आहेच. पण ती नोंद करवून घ्यायला आधी झगडावं लागतं.

मग हे बदलणारच नाही का? बदलतं. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर 1986मध्ये चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. एकट्यादुकट्यानं केलं असतं तर पारावर टिंगल झाली असती. गावातली बरीच घरं मिळून पुढं आली, तिथं तीच गोष्ट गावाच्या अभिमानाची ठरली. माणसं तीच, जमीन तीच. बदलली ती रीत. आणि रीत बदलताच मर्जीही बदलली.

तेव्हा आपल्या घरापुरतं काय करता येईल?

पहिलं, दुःखाच्या दिवसांत किंवा सणाला माहेरी गेल्यावर कोणत्याही कागदावर सही करू नका. “घरी नेऊन वाचते” एवढंच म्हणा. त्यात भांडण नाही.

दुसरं, सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल मागून घ्या. सातबारा आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतो. फेरफाराची नोटीस आली, तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते.

तिसरं, वारस म्हणून नाव लागणं आणि जमीन वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव राहू द्या, कसू द्या भावाला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र सहजी मागं घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर तो कोर्टात सिद्ध करावा लागतो.

चौथं, सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथं मोफत मदत मिळते. उत्पन्नाची अट नाही.

आणि पाचवं, जे खरं अवघड आहे. तुम्ही स्वतः आत्या असाल, सासू असाल, तर ते उंबऱ्याचं वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. त्याऐवजी भाच्याला म्हणा, “नाव राहू दे तिचं, त्यानं माहेर तुटत नाही.” वडीलधाऱ्या बाईनं हे चारचौघांत एकदा म्हटलं, की पुढच्या घरात ते म्हणणं सोपं जातं. रीत अशीच पडते.

सगळं समजून, वाचून, तरीही भावाला द्यावंसं वाटलं, तर अवश्य द्या. ते देणं तुमचं असेल. या दिवाळीला भावाला ओवाळायचंही आहेच. फक्त तो कागद ओवाळणीच्या ताटात ठेवू देऊ नका.