वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याच्या अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. या दोन शब्दांमुळे देणाऱ्याची अब्रू राहते, घेणाऱ्याची सोय होते आणि खरे कारण सांगण्याची व ऐकण्याची जबाबदारी दोघांच्याही डोक्यावरून उतरते. गेल्या एप्रिलमध्ये असाच एक अर्ज माझ्यासमोर आला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या एका विनाअनुदानित शाळेत चौदा वर्षे शिकविणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी तो घेऊन आली होती. मी तिचा मराठीचा शिक्षक. तेव्हा अर्जाचे शुद्धलेखन पाहून द्यावे, एवढीच तिची विनंती होती.

हा प्रसंग मला सहज विसरता येण्यासारखा नव्हता. बारावीनंतर काय करावे असे विचारण्यास ती आली, तेव्हा विशेष शिक्षणाच्या पदविकेची वाट मीच तिला दाखविली होती. पुढे ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनाला तिच्या शाळेने मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलाविले. “आपण ईश्वराचे कार्य करीत आहात,” असे मी भरल्या गळ्याने सांगितले, शिक्षिकांना शाल-श्रीफळ दिले आणि घरी परतलो. त्या समारंभाची मी आठवण काढताच ती म्हणाली, “सर, ती शाल अजून आहे. त्या महिन्याचा पगार मात्र फेब्रुवारीत झाला होता.”

हे काम कसे असते, याची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नाही. सदऱ्याचे बटण लावणे ही आपल्या लेखी क्षणाची गोष्ट. विशेष शिक्षिकेच्या लेखी तो सहा-सात पायऱ्यांचा अभ्यासक्रम असतो. बटण ओळखणे, चिमटीत धरणे, दुसऱ्या हाताने काज उघडे धरणे, बटणाची कड त्यात सारणे, पलीकडून ती पकडणे, ओढणे. पुष्कळदा ती शेवटापासून सुरुवात करते. सर्व पायऱ्या स्वतः करून केवळ ओढण्याची शेवटची पायरी ती मुलावर सोपविते, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. ती पायरी बसली की तिच्या आधीची. एका बटणाला कधी महिने लागतात, कधी वर्ष. दरम्यान त्याला आकडी येते, एखाद्या दिवशी तो चावतो, दिवाळीच्या सुट्टीनंतर शिकलेले विसरून येतो. प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा आणि वेगळी नोंद. म्हणूनच अशा शिक्षिकेच्या जाण्याने केवळ एक पद रिकामे होत नाही. अमुक मुलगा घाबरला की कानांवर हात ठेवतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नये, पाण्याचा पेला पुढे करावा, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ते त्या शिक्षिकेपाशी असते आणि तिच्याबरोबरच शाळेबाहेर जाते.

या कौशल्याचे महत्त्व कायद्याला ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी असल्याखेरीज कोणालाही विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही; केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपात्र माणसाने हे काम करू नये याची काळजी कायद्याने घेतली. पात्र माणसाने ते करीत राहावे यासाठी त्याला काय द्यावे, याविषयी मात्र हा कायदा मौन पाळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हक्क मुलाला मिळाला हे उचितच झाले. परंतु हक्क कागदावरून वर्गापर्यंत चालत येत नाही, त्याला कोणी तरी हात धरून आणावे लागते. सर्वसाधारण शाळांत अशा किती मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, याचे निकष केंद्र सरकारने ठरवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. २०२२ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण ठरविले. त्यानंतरही, निदान किती पदे लागतात ते तरी जाहीर करा, असे राज्यांना बजावण्याची पाळी मार्च २०२५ मध्ये न्यायालयावर आली. पदे भरणे दूरच, त्यांची मोजदाद करण्यासही न्यायालयाचा आदेश लागावा, यातच सर्व काही आले.

या अनास्थेचे मूळ थोडे मागे जाऊन शोधले पाहिजे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली; १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. दोन्ही संस्थांचा उगम एका घरातील एका मुलीच्या गरजेत आहे. समाजाने व शासनाने जे केले नाही ते आईच्या जिद्दीने केले. हा वारसा निःसंशय थोर आहे. परंतु त्यातून आपण सोयीचा निष्कर्ष काढला, की हे काम मायेचे आहे आणि मायेला वेतनश्रेणी नसते. विशेष शाळांचा कारभार आपल्या राज्यात शालेय शिक्षण विभागाकडे नव्हे, तर वर्षानुवर्षे समाजकल्याणाकडे राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, हे स्वागतार्हच; तरीही मथळ्यातील ‘कल्याण’ हा शब्द टिकून आहे. जे इतर मुलांच्या बाबतीत शिक्षण, ते या मुलांच्या बाबतीत कल्याण! मग ते देणारी व्यक्ती शिक्षिका न राहता सेविका ठरते, आणि सेवेचा मोबदला मागणे म्हणजे जणू सेवेला बट्टा लावणे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की इतकी वर्षे मुलांना लळा लावून त्यांना मध्येच सोडणे योग्य नव्हे. हा प्रश्न तिनेही स्वतःला विचारला होता. माझ्याशी बोलताना पगाराविषयी ती फार थोडे बोलली, मुलांविषयीच अधिक बोलली. परंतु भाड्याच्या घराला आणि सासऱ्यांच्या औषधाला लळ्याची पावती चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की दोष शाळेचा आहे. तोही पुरता खरा नाही. तिच्या शाळेतील अनेक मुलांच्या आया धुणीभांडी करतात; त्यांच्याकडून किती शुल्क घेणार? मुख्याध्यापिका स्वतः कित्येक महिने बिनपगारी काम करतात. अनुदान नाही, शुल्क नाही, देणगीदार वर्षातून एकदा येतो आणि बहुधा खाऊ वाटून जातो. या साऱ्यांत खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि म्हणूनच ही व्यवस्था बिनबोभाट चालू राहते.

मागण्या तशा साध्याच आहेत. नोंदणीकृत विशेष शिक्षकाला, तो कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेत असो, समान पात्रतेच्या इतर शिक्षकाइतके वेतन ठरलेल्या तारखेस मिळावे. विनाअनुदानित शाळांबाबत हा भार शासनाने उचलावा. वर्गात मदतनीस असावा, म्हणजे एका मुलाला आकडी आली असता उरलेली नऊ मुले वाऱ्यावर राहणार नाहीत. आणि सर्वसाधारण शाळांतील आम्ही शिक्षकांनी ‘ती मुले तुमची’ ही भाषा सोडावी. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मीही ती अनेकदा वापरली आहे.

अर्जाकडे पुन्हा वळतो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द खोडून खरे कारण लिही, असे मी तिला सुचविले. तिने मान हलविली. “बाईंना वाईट वाटेल, सर. त्यांचा काय दोष? आणि अनुभवाचा दाखला घ्यायचा आहे.” जून महिन्यापासून ती एका पतपेढीत कारकुनी करते. तेथे पगार फार अधिक नाही, पण तो एक तारखेला होतो. मुलांच्या नोंदींच्या वह्या घेण्यास शाळेत नवे कोणी आले नव्हते, म्हणून तिने त्या ज्याच्या त्याच्या आईकडे दिल्या.

अर्जात ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूक होती. ती दुरुस्त करून मी अर्ज परत केला. दुसरी चूक मला दिसत होती. पण ती तिच्या हातची नव्हती, आणि माझ्या एकट्याच्या लेखणीने सुधारण्यासारखीही नव्हती.