कुरतडलेल्या पानांची बाग

नर्सरीत एखाद्या रोपाची तारीफ करायची झाली की 'याला कीड लागत नाही' हे वाक्य हमखास येतं. घेणाऱ्यालाही ते पटतं. म्हणून तर बंगल्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या कुंपणांशी अरेका पाम, ड्युरांटा, बोगनवेल यांची गर्दी झाली आहे. पहिला मादागास्करचा, उरलेली दोन्ही अमेरिका खंडातली. पण बागेत पक्षी यावेत असं वाटत असेल, तर हाच गुण दोष ठरतो. ज्या झाडाला कीड लागत नाही, त्यावर पिल्लाला भरवायला घासही मिळत नाही. पक्ष्यांसाठी बाग करायची म्हणजे आधी अळ्यांसाठी करायची, आणि ते काम स्थानिक झाडं जितकं चोख करतात तितकं बाहेरून आणलेली बहुतेक झाडं करत नाहीत.

याचं कारण पानांत आहे. प्रत्येक झाड आपली पानं वाचवण्यासाठी त्यांत कडू, उग्र किंवा विषारी द्रव्यं साठवतं. ती पचवण्याची ताकद किड्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच झाडाच्या सहवासात गेल्यावर येते, आणि म्हणूनच बहुतेक अळ्या मोजक्याच झाडांवर जगतात. कढीपत्ता, लिंबू, बेल ही एका कुळातली झाडं काही मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात; बहाव्यावर वेगळ्या अळ्या, करंजावर आणखी वेगळ्या. दुसरीकडे, शिंपी, राखी वटवट्या, दयाळ, नाचण हे पक्षी मुख्यतः किड्यांवरच जगतात. चिमणी आणि सुगरण दाणे टिपतात खऱ्या, पण पिल्लांना मात्र किडे भरवतात. फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि किडेच शोधतो. पाऊस पडून कोवळी पालवी फुटते, अळ्या वाढतात आणि त्याच सुमारास वटवट्या-शिंप्यांच्या घरट्यांची धांदल चालते, हा योगायोग नव्हे.

याची मोजदाद अमेरिकेत झाली आहे. डेझिरे नारँगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या घरगुती बागांत कॅरोलिना चिकडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास करून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचं प्रमाण 70 टक्क्यांखाली गेलं, की तिथे जन्मणारी पिल्लं मरणाऱ्या पक्ष्यांची भरपाई करू शकत नव्हती. पक्षी दिसत होते, पण टिकत नव्हते. चिकडीची एक वीण घरट्याबाहेर पडेपर्यंत 6,000 ते 9,000 अळ्या लागतात, असा टॅलमी यांनी वारंवार मांडलेला हिशेब आहे. अमेरिकेतला 70चा आकडा पुण्या-नागपूरला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे. पण त्यामागची साखळी, म्हणजे पान, अळी आणि पिल्लू, इथेही तीच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, परदेशी झाडांवरही पक्षी येतातच. येतात. हॅमेलियाच्या फुलांवर शिंजीर येतो, घाणेरीची फळं बुलबुल आवडीने खातात. मात्र हे पाहुण्याला सरबत देऊन जेवणाच्या वेळी वाटेला लावण्यासारखं आहे. शिवाय घाणेरीचं बी बुलबुलांच्याच विष्ठेतून रानात जातं आणि तिथल्या झुडपांना हुसकावतं. दुसरा आक्षेप किडीचा: अळ्यांना मोकळं रान दिलं तर सगळी बाग फस्त होईल. ज्या अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात, त्या करंजावरून गुलाबाकडे वळत नाहीत, आणि अळ्या वाढल्या की त्या टिपणारे पक्षी, गांधीलमाश्या आणि कोळीही जमतात. फवारणीने मात्र अळ्यांसोबत त्यांना खाणारेही मरतात आणि पुढची कीड निर्धास्त वाढते. अर्थात प्रत्येक अळी पक्ष्यांच्या कामाची नसते. रुईवरची अळी पानांतलं विष अंगात साठवते आणि पक्षी तिला टाळतात. म्हणून एकाच देशी झाडाची रांग लावून भागत नाही. वेगवेगळी झाडं हवीत.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: देशी-विदेशी हा भेद करायचा तरी कुठे? चिंच मूळ आफ्रिकेतली आणि पेरू अमेरिकेतला. मग तेही काढायचे का? मुळीच नाही. उभं झाड तोडायचं कारण नाही. प्रश्न फक्त नव्या लागवडीचा आहे. आणि 'स्थानिक' याचा अर्थ देशाच्या नकाशावरून नव्हे, आपल्या हवामानावरून ठरवावा. कोकणातली सुरंगी सोलापूरच्या उन्हात रडतखडत जगेल. तिथे बोर, बाभूळ, हिवरच हवेत. घाटमाथ्याजवळ करवंद, धायटी, मुरुडशेंग सहज रुजतात. धायटीच्या लाल फुलांवर उन्हाळ्याच्या तोंडी शिंजिरांची झुंबड असते. उंबर हरियलापासून तांबटापर्यंत अनेकांना पोसतो, पण त्याची मुळं भिंती फोडतात, म्हणून त्याला सोसायटीच्या मोकळ्या कोपऱ्यातच जागा द्यावी. फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्ता, कोरांटी, अडुळसा कुंडीत निभतात. एका बाल्कनीने पक्ष्याचा संसार चालणार नाही, हेही खरं. पण पक्षी कुंपणं मानत नाहीत, आणि एका गल्लीतल्या वीस बाल्कन्या नि दोन आवारं मिळून त्यांना चरायला बरीच जागा होते.

रोपं लावायला पावसाळ्याची वाट पाहावी लागेल, पण त्याआधी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत: सोसायटीतली सरसकट फवारणी थांबवणं आणि पालापाचोळा न जाळणं. त्या पाचोळ्यात दयाळ आणि सातभाई किडे शोधतात. बाजरीचे दाणे ठेवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे, कारण दाण्यांनी बहुधा कबुतरंच वाढतात. यासाठी जागाही लागत नाही आणि पैसाही. कुरतडलेलं पान दिसल्यावर औषधाच्या बाटलीकडे जाणारा हात आवरला, तरी पुष्कळ झालं.